आमच्या दारात खड्डा नाई

रस्ता मले पायजेच होता, हे पयलेच सांगून ठेवतो. मांगून लोक म्हणाले का हे बाई रस्त्याच्या आड आली, इले सुधारणा नको. खोटं आहे ते. माही पोरगी व्हायच्या टायमाले मले बंडीत टाकून समुद्रपूरले नेत होते, अन् अर्ध्या वाटेत काळ्या मातीत चाक असं रुतलं का बैल खालीच बसले, उठतच नाई, अन् पोरगी तिथंच झाली, बंडीत, ताडपत्रीखाली, सासूच्या हातावर. तवापासून मी म्हणत होती का इथून रस्ता व्हावा, एस.टी. यावी. म्हणून दुष्काळाच्या साली हमीच्या कामात आमच्या गावचा रस्ता निघाला, तवा टोपलं घेऊन पयले मीच उभी होती.

त्या साली वावरात काही कामच नव्हतं. कपाशी गुडघ्याले आली न वाळली. मोठमोठ्या घरच्या बायाबी डोक्याले चुंबळ बांधून रस्त्यावर आल्या.

काम असं चाले. रस्ता आजूबाजूच्या वावराहून उंच पायजे, म्हणून त्याच्यावर मुरूम टाकाचा. मुरूम कुठून आणाचा, तं रस्त्याच्याच कडेचा. आमच्याकडची जमीन बरड, हातभर खोदलं का मुरूम लागते. मुकादम चुन्यानं चौकोन आखून दे, त्याले चौकडी म्हणत. एक चौकडी एका जोडीची. माणूस टिकाशीनं खोदे, बाई वाहे. चौकडीच्या मधात मातीचा एक खांब तसाच उभा ठेवाचा, त्याले टिकास लावाची नाई, कारण साहेब येऊन त्या खांबावरून खोली मोजे, त्या मापावरच मजुरी भेटे. माप झालं का पुढची चौकडी. मांगचा खड्डा तसाच उघडा, मधात तो खांब घेऊन. रस्त्याच्या दोन्ही कडेनं अशा खड्ड्यांची रांगच लागली होती, अन् ते रांग रोज थोडी थोडी गावाकडे येऊन राह्यली होती.

आमचं घर गावाच्या टोकाले, गाडरस्त्याच्या अगदी काठावर. पोरगी तवा नुकतीच चालाले लागली होती. चालत नव्हतीच ते, पळेच. खाली ठेवलं का दाराकडे तोंड.

एक दिवस सकाळी अंगण झाडाले बाहेर आली तं चुन्याची रेघ माह्या तुळशीपुढून गेलती. पांढरी, सरळ. रात्री आमी झोपल्यावर मुकादम आखून गेला असन, आमाले कोणी इचारलंच नाई. हातातला खराटा तसाच राह्यला.

काऊन तसं झालं ते सांगतो. माहं माहेर हिंगणीकडचं. तिकडे माह्या लग्नाच्या आदल्या साली असाच रस्ता झाला होता, अन् असेच खड्डे काठानं सोडले होते. पावसाळ्यात ते भरले. मंग त्या पाण्यावर हिरवी शेवाळ चढली, बारीक, अशी दाट का वरून पाह्यलं तं गवतच वाटे. आमच्या गल्लीतलं एक लेकरू त्याच्यावर चालत गेलं. त्याले ते गवत वाटलं. मी तवा तिथून पाण्याची घागर घेऊन येत होती, गर्दी पाह्यली, अन् त्या लेकराची माय पाह्यली. ते रडत नव्हती. ते गुडघाभर पाण्यात उभी राहून हातानं शेवाळ बाजूले करत होती, लेकरू काढून झाल्यावरबी करतच होती. लोक तिले वढत होते न ते येत नव्हती.

तर ते चुन्याची रेघ पाहून मले ते बाई दिसली.

मी काही धीट नाई. चौथीपावतर शाळा शिकली, मास्तरनं फळ्यापाशी बोलावलं का मले रडू ये. लग्न झाल्यावरबी साहेबाची फटफटी ऐकू आली का मी भिताडामांगे. पण त्या दिवशी मी रेघेपाशी उभी होती, अन् मांगून पोरगी दुडूदुडू आली, रेघेवर फतकल मारून बसली अन् चुना चाटाले लागली. मी तिले उचललं, बोट घालून तोंड पुसलं, अन् तिले कडेवर घेऊन पायानं ते रेघ पुसून काढली. पुऱ्या अंगणापुढची.

मुकादम पानाची पिचकारी टाकत येऊन उभा राह्यला.

"वयनी, ते रेघ सरकारची आहे."

"अन् हे पोट्टी माही आहे."

"मंग सांभाळा तिले. खाटेच्या पायाले बांधून ठेवाचं. माही माय आमाले बांधूनच ठेवे."

"म्हणूनच तुमी असे झाले," शेजारची काकू तिच्या दारातून म्हणाली. बाया हासल्या. मुकादमबी हासला, पण मंग त्यानं कोपरीतून चुन्याची पिशवी काढली न परत रेघ आखाले वाकला.

मी म्हटलं, "मुकादम भाऊ, इथं खड्डा होणार नाई. पावसाळ्यात इथं पाणी साचन. दारात पाणी न घरात चालतं लेकरू, मी कुठं कुठं पायत बसू? जन्मभर बांधून ठेवू का तिले?"

"तं मुरूम काय माह्या घरून आणू?"

"तळ्यातून आणा."

आमच्या गावाच्या वरच्या अंगाले जुनं तळं आहे. त्या साली कोरडं ठाक पडलं होतं, तळाची माती भेगाळून गेलती. हे मी इचार करून नाई म्हटलं, समोर तळ्याची पाळ दिसत होती म्हणून म्हटलं.

मुकादम म्हणाला, "अन् तिथून वाहीन कोण? तुह्या टोपल्याले पाय फुटन का? इथून आणलं काय न तिथून आणलं काय, माप तेवढंच. वरून पाळीचा चढ."

"मी वाहीन."

"तुवा एकटीनं वाह्यल्यानं रस्ता होते का वं?"

मी घरात गेली न चुलीपाशी बसून राह्यली.

दुपारी पोरीचा बाप भाकर खाता खाता म्हणाला, "उगी तमाशा करू नको. सगळ्या रस्त्याले खड्डेच आहे. आपलंच दार सोन्याचं आहे का?"

मी म्हटलं, "तुमी खोदा. मी वाहणार नाई."

त्यानं माह्याकडे पाह्यलं. लग्न झाल्यापासून त्याले मी नाई असं म्हटलं नव्हतं. तो म्हणाला, "वाहणार नाई म्हणजे?"

"म्हणजे टोपलं उचलणार नाई. ह्या खड्ड्यातलं नाई. तळ्यातलं उचलीन."

सासू कोपऱ्यात पोरीले मांडीवर घेऊन बसली होती. मले वाटलं आता बोलणं खावं लागन. ते बुढी म्हणाली, "बंडीत म्या इले हातावर घेतली ते काय खड्ड्यात घालाले का रे?" अन् परत पोरीचे केस पायत बसली. पोरीचा बाप हात धुवून निघून गेला.

त्यानं खोदलं. आमच्या दारापुढं, रेघेच्या आत, सगळ्या लोकांदेखत. अन् मी वाह्यलं नाई. मी ओट्यावर टोपलं पालथं घालून बसली. खोदलेली माती खड्ड्याच्या काठावर जमत गेली, जमत गेली, मंग परत आत घसराले लागली. शेजारची काकूबी बसली, तिचा सासरा आंधळा होता, काठी टेकत रोज तिथूनच परसाकडे जाय. पलीकडची बसली, तिच्या बकऱ्या होत्या. मंग रेघेवर जेवढी घरं होती तेवढ्या बाया बसल्या. माणसं टिकास घेऊन मातीच्या ढिगापाशी उभी. बाई वाहे नाई तोपावतर माणसाले खोदाले जागाच नाई, हे आमाले त्या दिवशी समजलं, त्याआधी कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मुकादम इकडून तिकडे फिरला. काकूले म्हणाला, "तुमाले तरी समजाले पायजे, वयानं मोठ्या आहा."

काकू म्हणाली, "मोठी आहो म्हणून बसली. लहान असती तं उभी राह्यली असती."

दुसऱ्या दिवशी माणसं शिव्या देत तळ्यात गेली. पोरीचा बाप सगळ्यात मांगून, माह्याकडे न पायता. दारातला अर्धा खड्डा आमी बायांनी काठावरची माती ढकलून भरून टाकला.

आता इथं माही फजिती झाली तेबी सांगतो. तळ्याचा गाळ म्हणजे आमच्याकडे सगळ्यात चांगली माती. काळी, मऊ, लोण्यासारखी. वावरात टाकाले मिळाली तं लोक भांडतात. आमाले वाटलं, चांगली माती ते रस्त्यालेबी चांगलीच. वाहून वाहून आमी तो गाळ रस्त्यावर टाकला. पाळीचा चढ होता, ऊन होतं, मान अशी दुखे का रात्री कुशीवर वळता ये नाई. बाया मले म्हणत, "तुह्या पोट्टीपायी आमची मान गेली वं." मी म्हणो, "तेल लावून देतो." अन् खरंच संध्याकाळी लावून देओ. पण आमच्या घरांपुढचा रस्ता काळाभोर, सपाट, आमाले त्याचा गर्व वाटे. मुकादम सगळं पाहे न काहीच बोले नाई. "वाहा, वाहा," म्हणे न सावलीत बसे. तेवाच समजाले पायजे होतं.

साहेब आले. वर्ध्याहून फटफटीवर येत, तरणे होते, गोरे, ऊन लागून नाक लाल झालेलं. ते रस्त्यावर चालत आमच्या घरापावतर आले न थांबले. खाली बसले. एक मूठ माती उचलली, आपल्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी त्याच्यावर टाकलं न बोटानं चोळलं. ते माती बोटाले अशी चिकटली का सुटे नाई. मंग ते म्हणाले, "हा रस्ता नाही, हे शेत झालं. यावर कापूस पेरा."

सगळे हासले. माणसं, मुकादम, बायासुद्धा. मुकादम म्हणाला, "मी सांगतलं होतं साहेब, ह्या बाईनं ऐकलं नाई."

त्यानं काहीच सांगतलं नव्हतं. पण तसं तोंडावर सांगाले मले जमलं नाई.

साहेब म्हणाले, "पहिल्या पावसात हे फुगेल, उन्हाळ्यात फाटेल. गाडी रुतेल. सगळं काढावं लागेल."

गाडी रुतेल म्हटल्यावर मले बंडीचं चाक आठवलं. खरं होतं त्यांचं. तीच माती होती. म्याच ते डोक्यावर वाहून आणली होती.

मी पोरीले कडेवर घेतलं, पदर डोक्यावर घेतला न समोर गेली. मी म्हटलं, "काढून टाकतो साहेब. आजच काढतो. पण दारात खड्डा होणार नाई."

"बाई, मुरूम लागतो. तो जवळ मिळतो तिथूनच घ्यायचा असतो. सगळीकडे असंच चालतं."

"सगळीकडे चालते म्हणून माह्या माहेरचं लेकरू गेलं."

मंग मी ते सांगतलं. शेवाळाचं, गवताचं, त्या बाईचं. जसं सुचलं तसं, मांगचं पुढं, पुढचं मांगं, दम लागत होता, पोरगी माहा पदर वढत होती. कोणी हासलं नाई. साहेबांनी टोपी काढून घाम पुसला. ते म्हणाले, "खड्डा रस्त्याच्या काठाला रस्त्यालाही बरा नसतो. पाणी साचून पाया ढिला होतो. हे आम्हालाही माहीत आहे."

"माहीत आहे तं काऊन करता?"

साहेबांनी टोपी परत डोक्यावर घातली. मुकादम म्हणाला, "वयनी, साहेबासंगं कसं बोलाचं ते तरी..."

"तुमी गप राहा भाऊ. तुमी आमाले गाळ वाहू देला."

साहेबांनी मुकादमाकडे पाह्यलं, मुकादमानं जमिनीकडे. मंग साहेबच म्हणाले, "तळ्यात गाळाच्या खाली काय आहे कोणी बघितलं?"

कोणीच पाह्यलं नव्हतं. साहेब म्हणाले, "इथली सगळी जमीन बरड आहे. गाळाखाली मुरूम असायला हरकत नाही. एक खड्डा घेऊन बघा. लागला तर ठीक. नाही लागला तर मग ऐकावं लागेल."

सगळा गाव तळ्यात. खोदाले कोणी पुढं होईना, लोक एकमेकाकडे पायत राह्यले. मंग पोरीच्या बापानं सदरा काढून पाळीवर ठेवला न उतरला. माह्यासंगं तो बोलत नव्हता, तरी उतरला. गुडघ्यापावतर खोदलं, काळीच माती. कमरेपावतर गेला, काळीच. मुकादमानं बिडी पेटवली. म्हणाला, "चालू द्या, चालू द्या, पाताळ लागन." मी पाळीवर उभी राहून खाली पाहू शकत नव्हती, पोरीच्या डोक्यावर तोंड ठेवलं होतं. मनात येत होतं, नाई लागला तं काय. नाई लागला तरी मी वाहणार नाई. काम बंद झालं तरी नाई. घरातून काढलं तं पोरीले घेऊन माहेरी जाईन, पण तिथंबी ते खड्डे आहेतच, हे आठवलं न रडू आलं.

मंग टिकाशीचा आवाज बदलला. मऊ मातीत घुसताना येते तसा नाई, खरखर आवाज. तो वाकला, हातानं उकरलं, अन् पिवळं तांबूस ढेकूळ वर फेकलं. ते साहेबांच्या पायाशी नाई फेकलं त्यानं, माह्या पायाशी फेकलं.

"घे. वाह आता," तो म्हणाला. तेवढंच.

साहेबांनी ढेकूळ उचलून फोडलं, पाणी टाकलं, चोळलं. बोट स्वच्छ निघालं. ते म्हणाले, "घरांपुढची जेवढी लांबी आहे तेवढा मुरूम इथून घ्या. पण खांब ठेवा, माप इथंच घेईन. अन् गाळाचं तुम्ही बघा, त्याचं माप मी घेणार नाही."

गाळाचं पाहाची गरजच पडली नाई. फुकट गाळ आहे म्हटल्यावर बंड्याच बंड्या आल्या. रस्त्यावर आमी टाकलेला तो सगळा लोकांनी खरडून नेला, मंग तळ्यातला नेला. जे परवा हासले होते तेच सकाळी आमच्या आधी बंडी घेऊन उभे. एकजण तं मले म्हणाला, "वयनी, अजून कुठं चुकून टाकला असन तं सांगजो." गाळ जसा हटे तसा खालचा मुरूम उघडा पडे, आमी तो वाहो.

मुकादम शेवटपावतर टोचत राह्यला. एक दिवस म्हणाला, "पोट्टीच्या भेवानं खड्डा हटवला, अन् तळं तं डबल खोल करून ठेवलं. हे काय शहाणपण झालं?"

ते मलेबी रात्रीचं टोचे. मी खोटं सांगत नाई, टोचे. पण मी त्याले म्हटलं, "भाऊ, तळ्याले पाळ आहे. तळं आहे हे लहान लेकरालेबी सांगता येते, का तिकडे जाऊ नको. तुमचा खड्डा तं उंबरठ्यापाशी येऊन बसते, त्याले ना पाळ ना नाव. अन् तळं रांगत दारात येत नाई."

पुढं पाऊस आला. तळं भरलं, उन्हाळ्यापावतर त्यात पाणी राह्यलं, गुरांले तिकडेच नेत. आमच्या घरांपुढून पाणी वाहून गेलं, साचलं नाई. अन् गावाबाहेर, जिथं आधीच चौकड्या खोदल्या होत्या, तिथं खड्डे भरले, मधातले खांब तेवढे वर दिसत, दोन-चार पावसात तेबी ढासळले. खड्ड्यातल्या पाण्यावर शेवाळ आली. रस्त्याची कडा तिथं खचली, अन् साहेबांले माणसं लावून परत भराव टाकावा लागला. मी तिकडून जाताना पोरीले कडेवरून उतरवतच नव्हती, ते पाय झाडे, रडे, तरी नाई.

त्याच साली दिवाळीनंतर काम पुढच्या वस्तीकडे सरकलं. तिथंबी चुन्याच्या रेघा पडल्या, दारापुढून, गोठ्यापुढून. आमीबी त्याच कामावर होतो. पोरीचा बाप म्हणाला, "हे पाय, आता आपलं दार मांगं राह्यलं. आता काही बोलू नको."

मी म्हटलं, "बोलत नाई."

पण तिथं एका दारात एक बाई उभी होती, माह्याहूनबी लहान, कडेवर तान्हं, अन् ते रेघेकडे पायत होती. तिनं मले इचारलं, "तुमीच का वो त्या, तळ्यावाल्या? आमच्याकडे तं तळंच नाई. आमी काय कराचं?"

मी तिच्या ओट्यावर बसून राह्यली, तिच्या तान्ह्याले मांडीवर घेतलं. मुकादम आला, मले पाह्यलं न कपाळाले हात लावला. मंग साहेबांची फटफटी आली. मले परत भिताडामांगे जावंसं वाटलं, खरंच वाटलं, पण मांडीवर दुसऱ्याचं लेकरू होतं, ते घेऊन कुठं लपाचं.

साहेब म्हणाले, "बाई, इथे तळं नाही. आता काय म्हणता?"

"खड्डा तं खोदाचाच आहे ना साहेब?"

"हो."

"मंग ह्या दारात एक, त्या दारात एक, असे कायले खोदता? वस्तीच्या वर, त्या पडीत जमिनीवर, एकाच जागी खोदा. सगळ्यांच्या चौकड्या एकमेकाले लावून. मुरूम तुमाले भेटन, अन् तळं इकडच्या बायांले."

"अन् वाहणार कोण?"

मी त्या लहान बाईकडे पाह्यलं. तिनं पदर कमरेले खोचला होता.

"इचारा तिले," मी म्हटलं.